प्रेस दिली, पट्टा ठेवला

सौसरला माझ्या भाटव्यांच्या गुरांच्या कोठ्यात, गव्हाणीच्या वर, भिंतीत एक वाकडी पास ठोकलेली आहे. भाटवा म्हणजे आमच्याकडे बहिणीचा नवरा. आणि पास म्हणजे वखराच्या खाली बसवतात ते लोखंडाचे आडवे पाते. वखर चालतो तेव्हा जमिनीत शिरते ती हीच. भिंतीतली ती पास मी घडवलेली आहे. भाटवे तिच्यावर बैलांचे दोर टांगतात, घुंगरांच्या माळा टांगतात, उन्हाळ्यात स्वतःची टोपीही टांगतात. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा राग आला आणि त्यातला बराचसा मी विसरलो. ही पास विसरलो नाही, आणि मी विसरू नये याची काळजी भाटव्यांनी घेतली.

मी पांढुर्ण्याला लोखंडाचे काम सुरू केले तेव्हा माझ्याकडे एक भट्टी, एक ऐरण आणि भरपूर मिजास होती. घरात शेती, कपाशी आणि थोडी संत्र्याची झाडे. घण कोणी हातात धरलेला नव्हता. मी नागपूरला एका कारखान्यात काही वर्षे लोखंड ठोकले, मालकाशी भांडलो, परत आलो आणि रेल्वे फाटकाच्या अंगाला टिनाचे शेड उभे केले. पहिल्या वर्षीच्या पासांपैकी एक मोठ्या मानाने सौसरला पाठवली. भाटव्यांनी ती वखराला बसवली, वावरात एका गोट्यावर ती अडकली आणि बिचारी वळली.

वळली तर वळली. परत पाठवली असती तर मी गुपचूप दुसरी दिली असती. पण भाटव्यांनी ती पोळ्यापर्यंत सांभाळून ठेवली. पोळ्याला मीही सौसरला होतो. सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे असताना भाटव्यांनी ती उंच धरली आणि म्हणाले, "हे पाहा आमच्या साळेबुवांची पास! सरळ धाडली होती, जमिनीनं पुंगी करून वापस केली!"

सगळे हसले. बैलसुद्धा मान हलवत होते. मी भडकलो. "भाऊजी, तुमच्या वावरात माती कमी अन् गोटे जास्त हायेत!"

"गोटे तं पांढुर्ण्याले लागतात बाप्पा," भाटवे म्हणाले. "आमी कायले ठेवू?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, त्या आमच्या गोटमारीवर हा टोमणा होता, आणि त्यावर गाव पहिल्यापेक्षा जास्त हसले. माझी सासुरवाड सावरगावची, जाम नदीच्या पलीकडची. गोटमारीच्या दिवशी मी या काठाला आणि माझे साळे त्या काठाला. पण त्यांच्याशी माझे वैर वर्षातून एकच दिवस. सौसरशी बारा महिने. त्या पोळ्याला मी मनाशी ठरवले की ही पास भिंतीवरून उतरली पाहिजे, आणि ती भाटव्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली पाहिजे. त्यासाठी मला अशी पास करायची होती जी त्याच वावरात, त्याच गोट्यावरून सरळ जाईल आणि सरळ येईल.

पाण्याचे गणित मी लवकर शिकलो. भट्टीतून काढून किती वेळाने विझवायची, हे हाताला कळले, आणि माझ्या पासा वाकायच्या थांबल्या. पण घणाने घडवलेली पास ही माणसाच्या सहीसारखी. एकसारखी दुसरी होत नाही. एकीचा डावा कान खाली, दुसरीचा उजवा. नागपूरच्या एका औजारांच्या व्यापाऱ्याने माझा माल उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "लोखंड चांगलं आहे. पण एका पासेवर दुसरी ठेवली तर मधून उजेड दिसतो. उजेड बंद करा, आखाजीच्या आत माल आणा, मी सगळा घेतो."

उजेड बंद करायचा म्हणजे साचा हवा, आणि साच्यावर लाल लोखंड दाबायला प्रेस हवी. संक्रांत नुकतीच झाली होती, आणि आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली. मी प्रेस शोधायला निघालो आणि सोबत बैलांचा दलाल घेतला.

लोक आजही विचारतात, बैलांचा दलाल कशाला? तर मी तोंडाने सौदा केला की थोड्या वेळाने समोरचा तरी उठून जातो, नाही तर मी. आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हातात हात घालतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि दलाल बाजूला उभा राहून दोघांना धीर देतो. तोंड बंद, म्हणून भांडण बंद. माझ्या आयुष्यात जे काही धड विकत घेतले गेले ते दुपट्ट्याखाली. हा दलाल माझा जुना दोस्त. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला खोकला तर त्या टोकाचा गोऱ्हा दचकायचा. यंत्रातले त्याला काही कळत नव्हते, आणि त्याबद्दल त्याला काही वाटतही नव्हते.

नागपूरच्या पहिल्या दुकानात आकाशी रंगाची नवी कोरी पॉवर प्रेस उभी होती. विकणारा टाय लावलेला. त्याने बटण दाबले, पातळ पत्रा सरकवला, आणि प्रेस टकटक करत वॉशर पाडू लागली.

"सेठ, माल गिनते गिनते थक जाओगे," तो म्हणाला.

दलाल प्रेसच्या मागून एक चक्कर मारून आला. चाकावर थाप मारली, वाकून खाली पाहिले. "याचे दात कुठी हायेत?"

"दाँत?"

"मंग वय कसं समजन?"

मी दोघांकडे दुर्लक्ष केले आणि विचारले, "ही दर वेळी किती खाली येते?"

"बिलकुल एक जगह. एक सूत का फरक नहीं."

इथेच माझी आणि त्या आकाशी बाईची सोयरीक मोडली. माझे लोखंड म्हणजे भंगारातले ट्रकचे कमानपाटे. कोणता जाड, कोणता झिजून पातळ. ही प्रेस दर वेळी त्याच जागेपर्यंत जाणार. जाड पाटा मध्ये आला तर तिला थांबता येत नाही, आणि पुढे जाता आले नाही तर दातखिळी बसून मध्येच अडकते. मग एक तर साचा फुटतो, नाही तर तिचा स्वतःचा कणा. मी त्याला हे सांगितले.

"तो सेठ, एक जैसा माल लीजिए ना."

"एक जैसा माल मिळाला असता तं तुह्या दारी कायले आलो असतो?" मी ओरडलो. टाय लावलेला मागे सरकला. मी चहा न पिता बाहेर पडलो. दलालाने दोन्ही कप संपवले आणि मग आला. म्हणाला, "बैल दिसाले देखणा होता. पण दगड आला तं पाय मोडून घेईन. बरं झालं."

दुसऱ्या दुकानात तेलाच्या जोरावर चालणारी हायड्रॉलिक प्रेस दाखवली. जोर असा की इमारत उचलेल. पण ती येते सावकाश, लग्नातल्या विहिणीसारखी. जाड गोळा असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. माझी पास पातळ. भट्टीतून काढून साच्यावर ठेवेपर्यंतच तिचा लाल रंग विटायला लागतो. वर थंड साचा चिकटला की संपलेच. या विहीणबाई खाली टेकेपर्यंत लोखंड काळे पडणार आणि मग जोर लावून काय उपयोग? शिवाय आमच्या पांढुर्ण्याची वीज. ती यायची तेव्हा दिवा लागल्यासारखा वाटायचा, एवढेच.

"हे म्हैस हाये," दलालाने निकाल दिला. "दूध देईन, पण वखराले नको जुंपू."

तिसऱ्या ठिकाणी पॉवर हॅमर होता. तो मला आवडला, खोटे कशाला बोलू. धडाधड मारत होता, माझ्यासारखाच. पण पास त्याच्याखाली धरायची माणसाने, फिरवायची माणसाने. म्हणजे घण विजेचा झाला तरी सही माणसाचीच राहिली. दोन पासांमधला उजेड तसाच. वर शेजाऱ्यांच्या भिंती. माझ्या शेडला लागून एका शिक्षकाचे घर होते, त्यांच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. देव रोज खाली पडले असते.

परतीच्या गाडीत दलाल बराच वेळ गप्प होता. तो गप्प असला की काहीतरी विकायचे असते. नरखेड मागे पडल्यावर म्हणाला, "भाऊ, तुले पायजे ते जनावर मले माहीत हाये."

"मलेही माहीत हाये," मी म्हणालो. "बोलू नको."

"सौसरले."

"म्हटलं ना, बोलू नको!"

डब्यातली माणसे आमच्याकडे पाहू लागली.

मला जी प्रेस हवी होती तिला फ्रिक्शन स्क्रू प्रेस म्हणतात. वर एक जड चाक, त्याला जाड आट्यांचा स्क्रू, आणि दोन्ही बाजूंना उभ्या तबकड्या. पट्ट्यावर तबकड्या फिरत असतात. दांडा ओढला की एक तबकडी चाकाला घासते, चाक फिरत खाली येते आणि सगळा जोर घेऊन लोखंडावर आदळते. मुख्य म्हणजे ती कुठपर्यंत यायचे ते ठरवून येत नाही. लोखंडाने जिथे अडवले तिथे थांबते. पाटा जाड असो की पातळ, ती आपला जोर त्यात ओतते आणि वर जाते. हायड्रॉलिकसारखी रेंगाळत नाही, आकाशी बाईसारखी अडकत नाही. भंगारातल्या लोखंडासाठी हेच यंत्र. आणि असे एक यंत्र आमच्या मुलखात होते. ते भाटव्यांच्या कोठ्याला लागून असलेल्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, पडवीत उभे होते.

ते तिथे कसे आले, ही गोष्ट मी आतापर्यंत कोणाला सांगितलेली नव्हती. तसे वचन होते. त्या वचनाचे काय झाले ते पुढे येईलच.

बोरगावला तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी आखून राहिले होते. सौसरच्या ज्याच्याकडे म्हणून चार पैसे होते, त्याच्या डोक्यात कारखाना होता. भाटवे संत्र्याचे बागाईतदार. त्यांच्या डोक्यात संत्र्याच्या रसाचा कारखाना. नागपूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानाचा लिलाव होता. तिथे त्यांनी विचारले, हे काय आहे? कोणीतरी सांगितले, प्रेस. काय दाबते? काहीही दाबते. भाटव्यांना तेवढे पुरले. बोली लावली, ट्रकमध्ये टाकली, पडवीत पाया खोदून उभी केली, विहिरीवरचे ऑईल इंजिन आणून पट्टा जोडला. मग बोरगावच्या जमिनीसाठी अर्ज करायचा म्हणून एका साहेबांना रस प्यायला बोलावले. साहेब पांढऱ्या सफारीत आले.

पितळेच्या मोठ्या पातेल्यात सोललेली संत्री भरली. इंजिन सुरू झाले. भाटव्यांनी हार घातलेला दांडा स्वतः ओढला.

पातेल्याची परात झाली. संत्री मात्र त्यात राहिली नाहीत. ती कवेलूंना लागली, बैलांना लागली, वाळत घातलेल्या लुगड्यांना लागली. प्रेस थांबल्यावर साहेब होते तिथेच उभे होते, फक्त सफारी बदलली होती. एक कवेलू सावकाश खाली आला आणि शेजारच्या खुर्चीवर फुटला. साहेब म्हणाले, "जमिनीचं पाहू." आणि गेले.

हे मला माझ्या मोठ्या बहिणीने सांगितले. आम्ही तिला बाई म्हणतो. भाऊबीजेला ओवाळता ओवाळता तिला आठवले आणि ती इतकी हसली की तबकातला दिवा विझला. मग माझा कान धरून म्हणाली, "बाबू, यांच्यासमोर एक अक्षर बोलशील तं पाहा. रात्रंदिवस घोकून राह्यले, कोणाले समजलं तं नाही ना म्हणून."

म्हणजे भाटव्यांच्या भिंतीवर माझी पास होती आणि माझ्या खिशात त्यांची संत्री. पण मला हवी असलेली प्रेस विकणारा माणूस तोच होता. दारी जायचे म्हणजे त्या पासेखाली बसायचे. माघ गेला, मी गेलो नाही. व्यापाऱ्याचा निरोप आला, मी गेलो नाही. बायको म्हणाली, "तुमाले पास उतरवायची हाये की राग सांभाळायचा हाये, एक काही ठरवा." फाल्गुनात मी साचा पोत्यात गुंडाळला, कमानपाट्याचे जाडे-पातळे तुकडे घेतले, दलालाला घेतले आणि सौसरची बस पकडली.

भाटव्यांनी आम्हाला ओसरीत बसवले नाही. मुद्दाम कोठ्यात खाटा टाकल्या. मान वर केली की पास.

"साळेबुवा, घण थकला का?" भाटवे म्हणाले.

"भाऊजी, ते पडवीतलं लोखंड गंजून राह्यलं म्हणून ऐकलं. म्हटलं, उचलून न्यावं, तुमची जागा मोकळी होईन."

"गंजून? रोज तेल लावतो त्याले."

"कायले? काय दाबता त्यात?"

भाटव्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मी चेहरा कोरा ठेवला. बाई आतून संत्र्याचा रस घेऊन आली, हाताने पिळलेला. तिने पेला माझ्यापुढे धरला आणि डोळ्यांनी धमकावले. मी रस प्यायलो. दलाल म्हणाला, "वा! कसा काढला?" आणि मला जोराचा ठसका लागला.

मग इंजिन सुरू केले. मी पडवीबाहेर भाता लावून पाटे तापवले, प्रेसमध्ये साचा बसवला आणि दांडा ओढला. आधी जाडा तुकडा, मग पातळ, मग त्याहून जाडा. चाक फिरत यायचे, धप्प बसायचे, परत वर जायचे. तुकडे विझवून मी एकमेकांवर ठेवले आणि उजेडाकडे धरले. मधून काही दिसत नव्हते. माझ्या पोटात इतका आनंद झाला की मी तोंड अगदी वाकडे केले.

"ठीकठाक हाये," मी म्हणालो. "स्क्रू झिजला हाये. तबकडीचं चामडं गेलं."

"चामडं नवीन हाये," भाटवे म्हणाले.

"म्हणूनच घसरून राह्यलं."

दलालाने प्रेसला पूर्ण चक्कर मारली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून जाहीर केले, "वजनाचा बैल. उधळत नाही, अडला तिथं थांबते. खांदा चांगला." आणि आपला दुपट्टा काढला.

खाटेवर समोरासमोर बसून आम्ही दुपट्ट्याखाली हात घातले. भाटव्यांनी बोटे दाबली. मी त्यांचा हात झटकला. त्यांनी तीच बोटे परत दाबली, जास्त जोराने. मी त्यांची दोन बोटे मिटवली. त्यांनी ती पुन्हा उघडली. आकडा मी आजही सांगत नाही. दुपट्ट्याखालचे बोलायचे नसते. पण असे बराच वेळ चालले. घाम आला. इंजिन बंद झाले होते, बैल रवंथ करत होते, दलाल मधूनमधून "होते, होते, जवळच हाये" म्हणत होता, आणि भाटव्यांचे करंगळीचे बोट दगडासारखे जागचे हलेना. तेवढ्या करंगळीवर सगळे अडले. आता माझे तोंड उघडणार आणि सौदा मोडणार, हे मला आतून कळत होते.

तोंड उघडलेच. पण मी छपराकडे पाहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "भाऊजी, पडवीच्या उजव्या अंगाचे कवेलू नवे दिसून राह्यले?"

करंगळी मिटली.

दलाल ओरडला, "झालं!" त्याला काय झाले ते कळले नव्हते, पण सौदा झालेला त्याला झोपेतही कळत असे.

भाटवे मला हाताला धरून कोठ्याच्या कोपऱ्यात घेऊन गेले. "तुमच्या बहिणीनं सांगतलं?"

"कवेलूंनी सांगतलं."

"पांढुर्ण्यात कोणाले—"

"कोणाले नाही. पण माह्यी एक अट हाये." मी पासेकडे बोट दाखवले. "या प्रेसवरची पास मी आखाजीले आणतो. तुमच्या त्याच वावरात, त्याच गोट्यावर वखर घाला. वाकली नाही तं हे तुमच्या हातानं उतरवायची. तोपर्यंत माह्यं तोंड बंद. उतरवली की कायमचं बंद."

भाटव्यांनी जवळ बांधलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवला. आमच्याकडे एवढे झाले की कागद लागत नाही.

दोन दिवसांनी संत्र्याचा रिकामा ट्रक, चेन-कप्पी आणि ओंडके घेऊन मी प्रेस न्यायला गेलो. प्रेस चढली. दोरखंड बांधले. तेव्हा पाहतो तर भाटवे पट्टा गुंडाळून खांद्यावर टाकून कोठ्याकडे निघालेले.

"भाऊजी, तो वर टाका."

"हे?" भाटवे थांबले. "हे कसं देणार? बैल विकला तरी दोर कोणी देते का?"

आमच्या बाजारात हा रिवाज खरा आहे. बैल विकणारा बैलाचा दोर स्वतःकडे ठेवतो. दोर गेला तर घरची लक्ष्मी गेली असे मानतात. घेणाऱ्याने आपला नवा दोर आणायचा. पण प्रेसला दोर? मी दलालाकडे वळलो. "सांग यांना!"

दलालाने मान खाली घातली. "भाऊ, सौदा दुपट्ट्याखाली झाला. दुपट्ट्याखाली झाला म्हणजे बैलाचा झाला. रिवाज हाये."

"तू दलाल कोणाचा बे?"

"रिवाजाचा," तो म्हणाला, आणि ट्रकच्या दुसऱ्या बाजूने चढला.

जावई माणसावर हात उचलता येत नाही. मी ट्रकच्या टायरला लाथ मारली आणि पांढुर्ण्यापर्यंत लंगडा आलो.

आता प्रेस शेडमध्ये उभी आणि पट्टा नाही. नागपूरहून तसा रुंद पट्टा मागवावा तर दुकानदार आखाजीनंतरची बात करत होता. सौसरला मागायला जाणे मरणापेक्षा वाईट. पण पांढुर्ण्याला जिनिंग होते. कपाशीचा हंगाम उतरला होता, सरकी काढायचे रेचे बंद होऊन त्यांचे लांबलचक पट्टे आता दिवाळीपर्यंत वेटोळे करून पडणार होते. मी जिनिंगच्या मॅनेजरांकडे गेलो. ते आधीच म्हणाले, "कापायचा नाही."

"नाही कापत."

"शपथ?"

"पट्ट्याची शपथ."

एका पट्ट्याच्या बदल्यात त्यांच्या कोठारांच्या सगळ्या बिजागऱ्या करून देण्याचे ठरले. घरी आणून उलगडला तर तो शेडच्या बाहेर जाऊन अंगणात पोचला. कापायचा नाही म्हटल्यावर पट्टा फिरवायला आणलेली छोटी मोटारच मागे न्यावी लागली; तेवढ्या मोटारीला आमची वीज कशीबशी पुरायची. मी भिंतीला भोक पाडले, मोटार अंगणात तुळशीच्या पलीकडे बसवली, तिच्यावर टिनाचे छप्पर घातले. पट्टा तुळशीच्या बाजूने सरसरत जायचा आणि भिंतीतून आत शिरायचा. बायको रोज पाणी घालायला यायची आणि म्हणायची, "देवीले प्रदक्षिणा घालाले आता मोटार बंद करा लागते." शेजारचे शिक्षक मुलांना दाखवायला आणत, इंजिनाविना चालणारी आगगाडी म्हणून.

पण प्रेस चालली. चाक फिरत यायचे, धप्प, आणि साच्यातून पास निघायची, कालच्यासारखीच, परवासारखीच. आखाजीच्या आधी माल नागपूरला गेला. व्यापाऱ्याने पासेवर पास ठेवली, उजेडाकडे धरली, डोळा लावला, आणि दुसरी उचलली. पुष्कळ उचलल्या. शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षीही." मी त्याला सांगितले नाही, पण मला त्याची फारशी पर्वा नव्हती. मी एक पास बाजूला काढून ठेवली होती.

आखाजीला ती धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून सौसरला नेली. भाटव्यांनी उलटी-सुलटी पाहिली, नखाने धार पाहिली. वखराला बसवली. वावरात गोटा कुठे आहे हे आम्हा दोघांनाही पाठ होते. बैल निघाले. मी बांधावर उभा. पास गोट्याला लागली, खण्ण आवाज आला, वखर उचलला, बैलांनी मान दिली, वखर पुढे गेला. भाटव्यांनी बैल थांबवले, वखर उलटा केला, हाताने माती पुसली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डोळा लावून पाहिले. मग परत एकदा.

"सरळ हाये," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या लोखंडाबद्दल निघालेला हा पहिला आणि शेवटचा चांगला शब्द.

आम्ही कोठ्यात आलो. मी पुढे, ते मागे. आत आलो आणि पाहिले. वाकड्या पासेवर आता दोर नव्हते, माळा नव्हत्या. प्रेसचा पट्टा गुंडाळून टांगला होता. एवढा जड पट्टा पेलणारे कोठ्यात तेवढेच एक लोखंड होते.

"उतरवा," मी म्हणालो.

भाटव्यांनी हात वर केला, पासेला लावला आणि थांबले. "उतरवतो. पण मंग पट्टा कायवर टांगू?"

"पट्टा मले द्या!"

"साळेबुवा, बैल दिला, दोर कसा देऊ?"

"मंग खाली ठेवा!"

"लक्ष्मी खाली ठेवू? आखाजीच्या दिवशी?"

मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखे नाही. बाई परातीत कुरडया घेऊन दारात आली. आधी भिंतीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. "जेवून भांडा," म्हणाली. "कुरडया सादळून राह्यल्या. अन् बाबू, पट्टा त्यांनी कायले ठेवला, हे तुले आत्ता समजलं का? फाल्गुनातच पास भिंतीत आणखी आत ठोकली त्यांनी."

भाटवे हसत हसत हात धुवायला गेले. मी जेवलो, चिंचोणीची, म्हणजे चिंच-गुळाच्या पाण्याची, वाटी मागून घेतली, कारण जेवणाशी माझे भांडण नव्हते.

त्याला आता बरीच वर्षे झाली. जिनिंगचा पट्टा दिवाळीत परत केला, नवा आणला, मोटार अंगणातून आत गेली. प्रेस अजून चालते. पास अजून भिंतीत आहे, पट्टा तिच्यावर आहे, आणि दर आखाजीला मी "उतरवा" म्हणतो आणि भाटवे "उतरवतो" म्हणतात. बैलाच्या पाठीवर ठेवलेले वचन दोन्ही हातांचे होते. त्यांचा हात वर जाऊन थांबला, मग माझ्या तोंडाने तरी किती दिवस थांबायचे? म्हणून संत्र्यांची गोष्ट आज सगळ्यांसमोर सांगून टाकली. ज्याला खोटी वाटेल त्याने सौसरला जाऊन पडवीचे छप्पर पाहावे. उजव्या अंगाचे कवेलू अजूनही बाकीच्यांपेक्षा नवे दिसतात.